आधी जगायचं की आधी बोलायचं? एका छोट्या संस्थेच्या सचिवांना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. अपंग मुलांच्या पालकांनी नऊ वर्षांपूर्वी सुरू केलेली एक नोंदणीकृत संस्था आहे. तीन पगारी माणसं, वीसेक स्वयंसेवक, साठ-सत्तर कुटुंबं. दिवसभराचं केंद्र चालतं, आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी होते. शंभरातले सत्तर रुपये एकाच प्रतिष्ठानाकडून यायचे. आमचे प्राधान्यक्रम बदलले आहेत, पुढच्या वर्षापासून अनुदान नाही, असं त्यांनी कळवलं आहे. खात्यात चार महिने पुरतील एवढे पैसे आहेत. नेमक्या याच वेळी, बसमध्ये चाकाच्या खुर्चीला चढता येत नाही म्हणून पालकांनी पाठपुरावा सुरू केला होता. एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणतात की हे आता थांबवा, अधिकारी नाराज होतील, नवे देणगीदार बिचकतील, आधी जगू आणि मग बोलू. सचिवताई विचारतात, त्यांचं बरोबर आहे का?

ताई, तुमच्या विश्वस्तांची काळजी खरी आहे. सभेत कुणी ती हसण्यावारी नेऊ देऊ नका. तीन माणसांचे पगार आणि साठ कुटुंबांचा दिवस ज्यांच्या सहीवर चालतो, त्यांना झोप लागत नसणार. पण त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही. छोट्या संस्थांचे हिशेब आणि कारभार मी बावीस वर्षं पाहतो आहे. पैसे संपल्यामुळे बंद पडलेल्या संस्था पाहिल्या, तसे वर्षभर पैसे नसताना तगलेल्याही पाहिल्या. तगलेल्या संस्थांच्या मागे लोक होते. ही संस्था गेली तर आपल्या वतीने बोलणारं कुणी उरणार नाही, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. तुमच्याकडे येणाऱ्या आईला फिजिओथेरपी उद्या दुसरीकडे मिळेल, लांब पडेल पण मिळेल. तिच्या मुलाला बस का घेत नाही, हे विचारायला तिच्याबरोबर येणारं दुसरं कोण आहे?

याचं एक जुनं उदाहरण मी नेहमी सांगतो. 1972 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे काही अपंग माणसांनीच ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ ही संस्था काढली. एड रॉबर्ट्स हे त्यांच्या सुरुवातीच्या नेत्यांपैकी एक. पोलिओमुळे त्यांना श्वासासाठीही यंत्र लागायचं. संस्थेचं रोजचं काम साधं होतं: मदतनीस शोधून देणं, राहायला घर बघून देणं, खुर्च्या दुरुस्त करणं. त्याच दमात ही माणसं पदपथांना उतार मागत होती, कायद्याची अंमलबजावणी मागत होती. सरकारी पैसा घेणाऱ्यांनी अपंगांशी भेदभाव करायचा नाही, असं 1973 च्या अमेरिकी कायद्यातलं कलम 504 सांगतं; त्याचे नियम सरकार चार वर्षं काढत नव्हतं. तेव्हा 1977 च्या एप्रिलमध्ये सान फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत सुमारे दीडशे लोक तीन आठवड्यांहून जास्त काळ ठाण मांडून बसले. 28 एप्रिलला नियमांवर सही झाली. तिथे पुढे असलेल्या ज्युडी ह्यूमन त्या वेळी याच संस्थेत काम करत होत्या. खुर्ची दुरुस्त करणारी आणि धरणं धरणारी संस्था एकच होती, आणि ती आजही चालू आहे. खुर्ची दुरुस्त करायला आलेल्या माणसाकडूनच त्यांना कळायचं की ती मोडली कुठे आणि कशामुळे.

आता पैशाकडे येतो, कारण तुमचे चार महिने मला चार वाटत नाहीत.

आज संध्याकाळी खजिनदारांना घेऊन बसा. बँकेतल्या शिलकीतून आधी वेगळी काढा ती एखाद्या ठरावीक कामासाठी मिळालेली रक्कम. कुणी खेळण्यांसाठी दिले असतील, कुणी एका शिबिरासाठी. ते पैसे तुमच्या खात्यात आहेत, पण पगारासाठी तुमचे नाहीत. नंतर वजा करा देणी: थकलेलं भाडं, ऑडिटची फी, कर्मचाऱ्यांची साठलेली रजा आणि त्यांचं कायदेशीर देणं. उरेल ती खरी शिल्लक. मी हा हिशेब ज्या ज्या संस्थेत करायला लावला, तिथे आकडा खाली आला. एका ठिकाणी पाच महिन्यांचे पावणेदोन झाले. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. पण त्या दिवसापासून तिथले निर्णय खरे व्हायला लागले.

मग एक कागद आडवा धरा आणि त्यावर तेरा रकाने पाडा, पुढच्या तेरा आठवड्यांचे. वर येणारे पैसे, खाली जाणारे. येणाऱ्यात फक्त तेच लिहायचे ज्यांचं पत्र हातात आहे. ‘ते देतीलच’ असे पैसे वेगळ्या ओळीत, पेन्सिलीने. प्रत्येक आठवड्याच्या तळाशी उरलेली रक्कम लिहा. जिथे ती शून्याखाली जाते त्या आठवड्याला लाल खूण करा. त्या खुणेच्या सहा आठवडे आधी सभा घेऊन कोणतं काम थांबवायचं ते ठरवावं लागेल, म्हणजे ती तारीखही आजच लिहायची. हा कागद दर सोमवारी नव्याने करायचा. यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही आणि सल्लागारही लागत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. शिबिराच्या पैशातून या महिन्याचा पगार भागवू, अनुदान आलं की परत भरू, हा मोह होईल. करू नका. हे करणारी माणसं अप्रामाणिक नसतात, उलट कर्मचाऱ्यांवर जीव असतो म्हणूनच ती हे करतात. पण अनुदान लांबतं, उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाले असं लिहून देणारा कागद, मागितलं जातं, आणि मग एका चांगल्या खजिनदाराला खोट्या कागदावर सही करायची वेळ येते. मी एकाला त्या अवस्थेत पाहिलं आहे. त्यापेक्षा त्या देणगीदाराला फोन करा, परिस्थिती सांगा, वापर बदलायची लेखी परवानगी मागा. पुष्कळदा मिळते. नाही मिळाली तर निदान पैसे शाबूत राहतात.

तुमच्यावर ही वेळ आली ती एकाच हातातून सत्तर टक्के येत होते म्हणून. त्यात तुमचा दोष फारसा नाही. मोठी अनुदानं प्रकल्पाला मिळतात. भाडं, हिशेबनीस, वीज आणि सचिवाचा वेळ यांना ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून कात्री लागते, आणि मग राखीव निधी साठवायचा कशातून? 2013 मध्ये अमेरिकेत धर्मादाय संस्थांचं मूल्यमापन करणाऱ्या गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन संघटनांनी देणगीदारांना जाहीर पत्र लिहून सांगितलं की निव्वळ प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवरून संस्थेची पारख करू नका. तरी सवय सुटत नाही. भारतात तर परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीने परदेशी देणगीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली. परदेशी देणगी एका संस्थेने दुसरीला देणंही त्याच दुरुस्तीने बंद झालं. त्याचा मार मोठ्या संस्थेच्या हाताखाली काम करणाऱ्या छोट्यांना जास्त बसला.

म्हणून पुढचा प्रत्येक प्रस्ताव पूर्ण खर्चाचा लिहा. केंद्राच्या एका मुलाचा महिन्याचा खर्च काढताना त्यात भाड्याचा वाटा, हिशेबाचा वाटा, तुमच्या वेळेचा वाटा धरा. त्यावर राखीव निधीसाठी थोडी रक्कम उघडपणे लावा. देणगीदार नाही म्हणाला तर बोलणी करता येतात. तुम्ही आधीच कापून दिलंत तर बोलायला काही राहतच नाही.

राखीव निधी नसला तर काय होतं, याचं मोठं उदाहरण म्हणजे ब्रिटनमधली किड्स कंपनी. 1996 मध्ये सुरू झालेली, हजारो मुलांसाठी काम करणारी, सरकारी अनुदानं मिळवणारी ही संस्था ऑगस्ट 2015 मध्ये बंद झाली. तिच्याकडे धक्का सोसेल एवढी गंगाजळी नव्हती, हे संसदीय समितीच्या अहवालातही आलं. पुढे 2021 मध्ये न्यायालयाने विश्वस्तांना कंपनीचे संचालक होण्यास अपात्र ठरवायला नकार दिला आणि त्यांच्याविषयी चांगले शब्द काढले. म्हणजे माणसं प्रामाणिक होती, काम खरं होतं, तरी अडचणीच्या दिवसांत उभं राहायला पायाखाली काही नव्हतं. तुमच्यासारख्या संस्थेने तीन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम ‘हात लावायचा नाही’ म्हणून ठरावाने बाजूला ठेवावी, असं मी सांगतो. सुरुवात एका महिन्याने केली तरी चालेल.

जुन्या प्रतिष्ठानाशी गोडीने बोला. नऊ वर्षांचं नातं एका पत्राने संपवू नये, आणि ही गोष्ट त्यांनाही पटते. अनुदान एकदम न तोडता सहा महिन्यांचं शेवटचं अनुदान मागा, तेही मोकळं, म्हणजे कशावर खर्च करायचं ते तुम्ही ठरवाल असं. दोन दुसऱ्या देणगीदारांशी ओळख करून द्या असंही मागा. या दुसऱ्या मागणीला बहुतेक वेळा हो येतं, कारण त्यात त्यांचे पैसे जात नाहीत आणि मनावरचं ओझं कमी होतं.

आणि कुटुंबांना सांगा. पालकांकडून पैसे मागायला तुम्हाला संकोच वाटतो, असं तुम्ही लिहिलं आहे. मला तो समजतो. पण ही संस्था त्यांचीच आहे. ज्याला जमेल त्याने महिन्याला थोडे द्यावेत, ज्याला जमत नाही त्याने केंद्रात दोन तास द्यावेत, आणि सेवा दोघांना सारखीच. वर्गणी किती जमते यापेक्षा वर्गणीदार किती आहेत, हे मी आधी बघतो. राजस्थानात 1990 मध्ये सुरू झालेली मजदूर किसान शक्ती संघटना मोठ्या संस्थात्मक निधीवर कधी चालली नाही. लोकांच्या छोट्या मदतीवर आणि तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांवर ती चालली. रस्ते-बंधाऱ्यांच्या कामावरच्या मजुरांची हजेरीपटं आणि बिलं गावासमोर वाचून दाखवायची, ही त्यांची जनसुनवाई 1994 च्या डिसेंबरात सुरू झाली. 1996 मध्ये ब्यावरला चाळीस दिवसांचं धरणं झालं. शहरातल्या लोकांनी धान्य, भाजी, पैसे आणून दिले. 2005 च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यामागे ज्या चळवळी होत्या त्यात ही अग्रभागी होती. तुमची संस्था वेगळी आहे, तुम्हाला फिजिओथेरपिस्टला दर महिन्याला पगार द्यायचा आहे, हे मी विसरलेलो नाही. पण आवाज कुणाच्या पैशावर उभा आहे हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे. बसच्या पाठपुराव्याचा खर्च पालकांच्या वर्गणीतूनच करा, वेगळ्या खात्यावर. मग कोणताही देणगीदार म्हणू शकणार नाही की आमच्या पैशातून तुम्ही हे का केलंत.

विश्वस्तांची दुसरी भीती कायद्याची असेल तर तिचं उत्तर कागदावर द्या. धर्मादाय संस्थेने तोंड उघडायचं नाही, असं मला माहीत असलेल्या कायद्यांत नाही. इंग्लंड-वेल्सच्या चॅरिटी कमिशनचं मार्गदर्शन सांगतं की आपल्या उद्दिष्टासाठी कायदा-धोरण बदलण्याची मोहीम करता येते, पक्षाचा प्रचार करता येत नाही. अमेरिकेत 1976 पासून संस्थांना खर्चाच्या ठरावीक प्रमाणात कायदेमंडळाकडे पाठपुरावा करण्याचा पर्याय आहे. पहिल्या पाच लाख डॉलरच्या खर्चावर तो 20 टक्क्यांपर्यंत जातो. बहुतेक छोट्या संस्था त्याच्या जवळपासही पोचत नाहीत. कॅनडाने राजकीय कामावरची 10 टक्क्यांची जुनी मर्यादा 2018 मध्ये काढून टाकली. भारतात परदेशी देणगीच्या नियमांविषयी सर्वोच्च न्यायालयाने 6 मार्च 2020 ला इन्साफ या संस्थेच्या प्रकरणात निकाल दिला. सक्रिय राजकारणाशी संबंध नसताना सार्वजनिक प्रश्नासाठी बंद-हरताळासारख्या मार्गांना पाठिंबा दिला, एवढ्यावरून संस्थेला ‘राजकीय’ ठरवता येणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. पक्ष आणि निवडणूक यांपासून लांब राहा, तुमच्या संस्थेच्या घटनेतल्या उद्दिष्टांत ‘हक्कांसाठी प्रयत्न करणे’ असं काही कलम आहे का ते बघा, आणि ठराव इतिवृत्तात नोंदवा. सगळीकडे हवा सारखी नाही आणि त्रास देणारे कायद्याबाहेरूनही देतात, म्हणून तर कागद चोख लागतात. वेळेवर ऑडिट, वेळेवर विवरणपत्र, विश्वस्त बदलल्याची नोंद वेळेवर. बोलणाऱ्या संस्थेवर पहिला घाव इथे पडतो.

आता बस. इथे मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण पैसे नसताना ॲडव्होकसी, म्हणजे हक्कांसाठीचा पाठपुरावा, कशी करायची हा तुमचा खरा प्रश्न आहे.

असंच काम एका छोट्या गटाने केलेलं मी जवळून पाहिलं आहे. आधी त्यांनी निवेदनं दिली होती. ‘अपंगांना सन्मानाने प्रवास करता आला पाहिजे’ अशी. प्रत्येक निवेदनावर पोच मिळायची, पुढे काही नाही. मग त्यांच्यातल्या एका आईने दोनशे पानी वही घेतली आणि ओळी आखल्या: तारीख, थांबा, बसचा क्रमांक, किती वेळ थांबलो, चालक काय म्हणाला, शेवटी कसे गेलो. दोनच थांबे घेतले. सहा आठवडे, जो कुणी मुलाला घेऊन जाईल त्याने घरी आल्यावर फोनवर सांगायचं आणि ती लिहून घ्यायची. चौथ्या आठवड्यात वही चाळताना ‘चालक काय म्हणाला’ या रकान्यात एकच वाक्य पुन्हा पुन्हा दिसायला लागलं: “किल्ली डेपोत आहे.”

त्या मार्गावरच्या बऱ्याच बसना घडीचा रॅम्प होता. चोरी होऊ नये म्हणून त्याला कुलूप लावलेलं असायचं आणि किल्ली डेपोच्या कपाटात. चालकाला रॅम्प उघडायचाच असला तरी उघडता येत नव्हता. तोवर सगळे समजत होते की चालक माणुसकीशून्य आहेत.

मागणी एका ओळीची झाली: प्रत्येक बसमध्ये चालकाच्या आसनाजवळ रॅम्पची किल्ली अडकवावी. ती घेऊन गट आधी चालकांच्या युनियनकडे गेला. अधिकाऱ्यांकडे नंतर. युनियनवाले म्हणाले, शिव्या आम्ही खातो आणि किल्ली वर असते, चला आम्हीही येतो. बैठकीत वहीची तीन पानं वाचली गेली. अधिकाऱ्याने डेपोला फोन करून किल्लीचं खरं आहे का विचारलं. तिकडून हो आलं. दोन महिन्यांत किल्ल्या बसमध्ये आल्या. सगळ्या नाही, सगळ्या मार्गांवर नाही, आणि पाठपुरावा पुढे चालूच राहिला. पण पहिल्यांदा रॅम्प खाली आला तेव्हा मी थांब्यावर होतो. चौदा वर्षांची मुलगी खुर्चीतून स्वतः चाकं फिरवत वर गेली, आणि तिची आई वही छातीशी धरून खालीच उभी राहिली, चढायचं विसरून.

यात लागलं काय? एक वही, फोन, सहा आठवड्यांचा चिवटपणा. तुमच्याकडे हे आहे. मोठ्या संस्थेकडे अहवाल लिहिणारे असतात, पण साठ घरांची रोजची हकिगत तुमच्याकडेच येते. ती नोंदवली नाही तर हवेत जाते.

नोंद करताना दोन पथ्यं. मुलांची नावं बाहेर जाणाऱ्या कागदावर नकोत. आणि जे घडलं तेच लिहायचं, रागाने फुगवून नाही; एक खोटी नोंद सापडली तर बाकीच्या शंभरांवर पाणी पडतं.

आणखी एक, थोडं अवघड. तुमची संस्था पालकांची आहे. अपंग हक्कांच्या चळवळीत जगभर एक घोषणा आहे: आमच्याविषयी काहीही, आमच्यावाचून नाही. संयुक्त राष्ट्रांचा 2006 चा अपंग हक्क करारही त्यांचा सहभाग मागतो. तुमची पहिली मुलं आता पंधरा-सोळा वर्षांची झाली असतील. बैठकीला त्यांना न्या. कुणी अडखळत बोलेल, कुणी चित्रांच्या किंवा अक्षरांच्या फलकावर बोट ठेवून सांगेल, वेळ लागेल. लागू द्या.

माणसांबद्दल थोडं. तिघा कर्मचाऱ्यांना लाल खुणेचा आठवडा आजच सांगा. अफवा आधी पोचली तर चांगला माणूस आधी जातो. आणि बँकेची सही, पासवर्ड, देणगीदारांचे पत्ते हे सगळं तुमच्या एकटीच्या डोक्यात असेल तर या महिन्यात दुसऱ्या एका जबाबदार माणसालाही दाखवून ठेवा.

सगळं करूनही तेरावा रकाना शून्याखालीच राहिला, तर? मी एका संस्थेचं बंद होणं आतून पाहिलं आहे. ती नीट बंद झाली. दोन महिने आधी पालकांना सांगितलं, कर्मचाऱ्यांची पै न पै दिली, साहित्य तशाच उद्दिष्टाच्या दुसऱ्या संस्थेला ठरावाने दिलं, प्रत्येक मुलासाठी पुढची जागा शोधली. चुकलं एकच. तक्रारींच्या नोंदी, पत्रव्यवहार, अधिकाऱ्यांची लेखी आश्वासनं यांचे गठ्ठे कुणाच्या तरी माळ्यावर गेले आणि पावसात भिजले. तीन वर्षांनी दुसऱ्या गटाने तोच प्रश्न हाती घेतला तेव्हा त्यांना पहिल्या पत्रापासून सुरुवात करावी लागली.

म्हणून पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तीन विषय घ्या: तेरा आठवड्यांचा तक्ता, पालकांची वर्गणी, आणि बसच्या नोंदवहीची एक प्रत बाहेर कुठे ठेवायची. तिसरा विषय त्या ज्येष्ठ विश्वस्तांनाच मांडायला सांगा. वहीतली दोन पानं आधी त्यांना घरी नेऊन वाचायला द्या.